पेवात दिवा

आवटी सरांनी पहिलं प्रकरण परत दिलं
तेव्हा समासात, तांबड्या शाईत, सतरा वेळा
एकच प्रश्न होता: कुणी सांगितलं?

मी म्हटलं, सर, इंटरनेटवर आहे.
चष्मा पुसत म्हणाले,
हे म्हणजे ‘सांगलीत ऐकलं’ म्हटल्यासारखं झालं.
सांगलीत कुठं? गणपती पेठेत? मार्केट यार्डात?
बोलणारा अडत्या होता, हमाल होता,
की नुसता चहाला थांबलेला?

विषय साधा: हरिपूरची हळदीची पेवं.
जमिनीच्या पोटातली कोठारं,
तोंड माणसाएवढं, आत अंधार पोत्यांनी मोजायचा.
विश्रामबागच्या खोलीत, पंख्याखाली,
बावीस ठिकाणी वाचलं.
एकाकडे पेवं तीनशे, एकाकडे तीन हजार;
शून्य कुणाच्या हातून सांडलं
की कुणी खिशातून टाकलं, पत्ता नाही.
लेखकाचं नाव नाही. तारीख नाही.
एकीकडे वर दावा, पेवातली हळद शंभर वर्षं टिकते,
खाली फेसपॅकची जाहिरात.

बावीसपैकी नऊ ठिकाणी एकच वाक्य, शब्दाला शब्द.
आधी धीर आला. नऊ साक्षीदार!
मग दिसलं, साक्षीदार एकच,
बाकीचे आठ त्याचाच सदरा घालून उभे.
आणि सगळ्यांच्या सदऱ्याला तोच डाग:
‘हळदिचे’.
दुसरी हवी तिथं पहिली वेलांटी.

ती वेलांटी मी ओळखली.
चौथीपासून माझीच चुकते.
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, कॉलेजच्या स्मरणिकेत
पान भरेना म्हणून रात्री एक वाजता
अंदाजानं ठोकलेलं वाक्य;
कुणीतरी पीडीएफ करून चढवलेलं.
आता नऊ दारं हिंडून
पुरावा म्हणून माझ्याच घरी
हात धुऊन पाटावर बसलं होतं.

मंगळवारी हरिपूरला गेले.
गणपा आवळे, सत्तरीच्या पुढचे,
किती पुढचे ते त्यांनाही नक्की नाही.
पेवात उतरणाऱ्यांतले.
म्हणाले, तोंड उघडलं की लगेच उतरायचं न्हाई, पोरी.
आदी दोरीनं दिवा सोडायचा.
इझला, तर वरच थांबायचं.
आत हळद सोन्यावानी असंल,
पर हवा मेलेली असती.
आणि नाही विझला तर?
तरीबी दोरी कमरंला पायजेच.

हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं.
मग पेवं किती होती, विचारलं. पाचशे, म्हणाले.
आतून काकू ओरडल्या,
कशाची पाचशे? तुमी मोजली व्हती?
म्हणजे दिवा इथंही सोडायला हवा,
समोरचा माणूस बशीत चहा ओतून देत असला तरी.

सगळ्यात शेवटी सापडलं
एका जुन्या सरकारी अहवालाचं वाकडं स्कॅन,
कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला.
साल होतं. कचेरीचं नाव होतं.
आणि पेवांच्या रकान्यात आकड्याऐवजी
कारकुनाची बारीक ओळ:
सर्व मालकांनी माहिती दिली नाही.
हेही इंटरनेटवरच होतं, बरं का.
मला काय ठाऊक नाही, हे सांगणारं
बावीस ठिकाणांत एकही नव्हतं.
तिथं ज्योत हलली, पण विझली नाही.

दुसऱ्या खर्ड्यात आकडा नाही.
तीनशे, पाचशे, तीन हजार, प्रत्येकाखाली
कोण म्हणतं, कधी, कशाच्या भरवशावर.
काकूंचा आक्षेपही तळटीपेत आहे,
त्यांचं नाव विचारायला मी परत गेले होते: इंदुबाई.
आणि अकराव्या तळटिपेत:
‘हळदिचे’ने सुरू होणारं हे वाक्य माझं आहे.
आधार नाही. मागे घेते.

सरांनी पान परत दिलं.
समास कोरा.
फक्त अकराव्या टिपेत,
अवतरणचिन्हांच्या आत,
तांबड्या शाईनं वेलांटी दुसरी केलेली.
मी पेन्सिलनं शेजारी लिहिलं:
सर, मुळात पहिलीच आहे. मूळ तसंच ठेवावं.