कागदोपत्री

कथड्यात तीन पिढ्या आम्ही
कागदोपत्रीच कागदी.
लाइटबिलावर आडनाव,
हाताला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास.

परवा मुनाफचाचांनी माळ्यावरून चाळण उतरवली,
निम्मी वाळवीची.
सातपूरच्या बनियन-कारखान्यातून
पोतंभर कात्रण आणलं,
तीन दिवस कुटलं.

हौदात हात घातला.
पाणी जड लागलं, साय धरत्या दुधासारखं.
“हलवू नकोस,” चाचा म्हणाले, “ऐक.”
काय ऐकायचं, ते सांगितलं नाही.

सतरा ताव फाटले.
अठरावा भिंतीला चिकटून राहिला
दुपारभर.
सोलून उजेडात धरला, तर मधोमध
कुणाच्या तरी बाहीचा निळा धागा.

चाचांनी शंखाने घोटला,
धाग्याला वळसा घालून.
मग माझंच बॉलपेन मागितलं
आणि लिहिलं:
कात्रण, बारा किलो. उधार.