मागचा दिवा

थिनर लावू नकोस, इस्माईल डिंगणकर म्हणाला.
थिनर रंग खातो, मग थांबत नाही,
प्लास्टिक दुधाळ होतं
शिळ्या माशाच्या डोळ्यासारखं.
ब्रेक ऑइल घे, बुडव, आणि घरी जा.

तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात
मी बुडवून ठेवली दोन कव्हरं,
बाबांच्या तीनचाकी टेंपोची, मागची,
तळहाताएवढी. एकात
गंजलेला स्क्रू आतच राहिलाय.
टेंपो चुडतांच्या मांडवाखाली उभा आहे,
त्याला अजून बर्फाचा वास येतो,
म्हणजे मला येतो.

वरचा रंग हिरवा. तो माझ्या ओळखीचा.
पाजपंढरीला होडी रंगवून उरलेला;
त्या साली आमच्या दाराची चौकट,
मोरीचा पत्रा, पाटाचे पाय,
सगळं हिरवं झालं होतं.
धाकू पावसेच्या हातात रंग उरला
की घरातल्या वस्तूंची खैर नसे.

दुसऱ्या दिवशी हिरवा सुटला,
उकडलेल्या बटाट्याची साल
अंगठ्याने सरकावी, तसा.

खाली काळा.

काळा माझ्या ओळखीचा नव्हता.
जाड, घाईत दिलेला,
ब्रशाचा एक केस त्यातच वाळलेला.
उजेडात रंगवणारा माणूस कडेला थांबतो.
हा कडेवरून खाली ओघळला होता.

आई पडवीत सुकट निवडत होती.
"एकाहत्तर साल," ती म्हणाली, "ब्लॅकआऊट.
कचेरीतला माणूस आला होता सांगायला,
किनाऱ्यावर दिवा दिसता कामा नये."
सुपात बोटं फिरत राहिली.
"खिडक्यांना पण कागद लावलेले."

धक्क्यावर लिलाव उठला होता.
शंकऱ्या दोरकुळकर, ऐंशी ओलांडलेला,
बिडीशिवाय बोलत नाही. बिडी दिली.
"एकाहत्तर? अगो, टेंपोच घेतला त्यान त्र्याहत्तरला!"
धूर सोडून किल्ल्याकडे बघत बसला.
"पुढचा दिवा लागतोच गो घाटात.
मागचा कोणासाठी?
मागून येणाऱ्याला वाट दाखवायला?"
मी थांबले. तोही थांबला.
"मासळीच असायची वर," मग म्हणाला,
"वर मासळीच."

काळा तीन दिवसांतही हलला नाही.
हाताला पिशवी बांधून, जुन्या दातब्रशाने,
आणि रेघारेघांच्या खाचांत माडाचा हीर घालून
मी तो काढत बसले,
एकेक खाच. शाळेत तीस वर्षं
मुलांची खोडलेली अक्षरं वाचली मी,
खोडल्यावरही वाचता येतात,
दाबून लिहिलेली असली तर.
घरात त्या वर्षी एक घड्याळ आलं होतं.
काटे अंधारात हिरवे दिसायचे.
बाबांनी ते कधी मनगटावर घातलं नाही,
मला शाळेत न्यायला बंदी होती.
का, ते विचारायचं नसतं
हे मला कोणी शिकवलं, आठवत नाही.

चौथ्या दिवशी कोपऱ्यात लाल दिसला,
नखाएवढा.
मग सगळाच.
साबणाचं पाणी, मग टूथपेस्ट, मग धोतराचं फडकं.
एक चरा राहिला, तो माझाच, हिराचा नव्हे,
घाई झाली म्हणून चाकू लावला होता.

इस्माईलने संध्याकाळी बॅटरी आणली,
दोन वायरी जोडल्या, काही न बोलता.
पडवीची भिंत लाल झाली,
सूप लाल, सुकट लाल,
आईचे हात कोपरापर्यंत.

ती बराच वेळ बघत राहिली.
"पहिलं वर्ष असाच होता," म्हणाली.
"चिंचेच्या वळणापर्यंत दिसायचा.
वळला की मी आत यायची.
मग एका रात्री
अंगणातूनच दिसेनासा झाला.
आत कधी यायचं, कळेना."

एकाहत्तराचं मी काढलं नाही.
तिनेही नाही.
इस्माईल वायर सोडवायला वाकला तर म्हणाली,
राहू दे जरा.
आणि माझ्याकडे वळून,
दुसरं केव्हा घासतेस?