नात्याचा रकाना

सिव्हिलच्या शवागाराबाहेर
कारकून म्हणाला, तुम्ही कोण?
एकवीस वर्षं, म्हणाले मी.
वर्षं नको बाई, नातं सांगा.

दुपारच्या एसटीनं कौतिकबाई आली,
पिशवीत रेशनकार्ड, त्याच्या नावासकट.
घटस्फोट कुणी दिला नव्हता,
मागायलाही कुणी गेलं नव्हतं.

भाऊबंदांचं ठरलेलं: निफाडला नेऊ, सरण रचू.
मी म्हणाले, त्याला दाहिनी हवी होती.
अंबडला वेल्डिंग करून आला की म्हणायचा,
ठिणग्या पुष्कळ झाल्या, मला बटणानं जाऊ दे.
लिहून दिलंय का? धाकट्या दिरानं विचारलं.
लिहून!
किराण्याची यादीसुद्धा तो तोंडी सांगायचा.

कौतिकबाईनं पेन घेतलं
आणि मला जिन्याखाली नेलं.
दात पडले होते का त्याचे?
दोन. खालचे.
बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग खिडकीशी जाऊन म्हणाली,
अमरधाम लिहा. बटणवालं.
दीर काहीतरी पुटपुटला,
तिनं पदर नीट केला फक्त.

नात्याच्या रकान्यापाशी मात्र थांबली.
मला हळूच म्हणाली,
पत्नीतलं जोडाक्षर कसं गं काढतात?

अर्धा त, मी म्हणाले,
त्याला न लावायचा.