अंडं परत आणायचं असतं

नियम साधा आहे. कच्चं अंडं वर न्यायचं,
अडीचशे मीटर, ना कमी ना जास्त,
आणि न फुटता खाली आणायचं.
खाली आणायचं म्हणजे शोधून आणायचं.
ते काम माझ्याकडं.

मी दत्तू लोहार, प्रयोगशाळेचा शिपाई.
सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या,
बरणीतल्या बेडकावरची धूळ पुसली.
रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं असताना
या तिघांनी मला विट्याबाहेरच्या माळावर
चपलांनिशी पळायला लावलंय.

रॉकेट म्हणाल तर काय,
यंत्रमागावरचं कापड ज्यावर गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी,
निहाल तांबोळीनं चुलत्याकडून मागून आणलेली.
पंख इतके घासले पॉलिशपेपरनं
की पोरांच्या बोटांचे ठसे शिल्लक असतील का, शंका आहे.
पृथाचे वडील गुवाहाटीत गलाईवर,
घरी त्यांचा सोनं तोलायचा जुना काटा.
त्यावर अंडं ठेवलं. सत्तावन्न ग्रॅम.
"पावणेसहा तोळ्याला जरा कमी,"
पृथाची आई सवयीनं म्हणाली,
मग स्वतःशीच हसत भाकरी उलटायला गेली.

आणि ऋणाली यमगर.
तिच्या काकाची मेंढरं पलीकडच्या पडीक रानात.
परीक्षकांचं वारा मोजायचं यंत्र भिरभिरतंय,
ही मात्र मेंढरांची तोंडं बघते.
"दोन मिनिटं थांबा. वारं फिरतंय."
थांबले. फिरलं.

पोरं उलटे आकडे इंग्रजीत मोजतात,
मी मनात मराठीत मोजतो, दोनाला पोचेपर्यंत
ते गेलेलं असतं.
आवाज सुरसुरीसारखा नाही हो.
दुकानदार नवं मांजरपाट टर्रकन फाडतो ना,
तसा. वरपासून खालपर्यंत एकच फाड,
आणि धुराचा दोरा, हळूहळू वाकडा होत जाणारा.

मग नारिंगी छत्री उघडली.
मग मी पळालो.

वर बघत पळणाऱ्या माणसाला
खालचं रान माफ करत नाही.
शाळूची खुंटं, कुसळं, एक बांध,
एक कुत्रं, ज्याला माझं रॉकेटशी नातं पटलं नाही.
बोरीच्या जाळीत सापडलं,
काट्यांत अडकलेलं, पण शुद्धीवर:
टुक टुक.
टुक टुक टुक.
टुक.
दोनशे एकतीस.

एकोणीस मीटर कमी.
कापसातलं अंडं मात्र
सकाळी कोंबडीनं दिलं तसंच, थंडगार, निर्विकार.

अकरावा नंबर आला. पहिला सांगलीचा.
निहाल खाली बसून माती टोकरत राहिला,
पृथानं गुवाहाटीला फोन लावला आणि
"अंडं फुटलं नाही" एवढंच सांगितलं.

परीक्षक बाई पुण्यात खऱ्या इंजिनांच्या चाचण्या घेतात.
सगळ्यांनी त्यांना विचारलं
मार्क किती लागतात, परीक्षा कोणती, बारावीनंतर काय.
ऋणालीनं विचारलं,
"तुमच्यात पडलेलं कोण शोधतं?"
बाई हसल्या, मग थांबल्या.
"आमचं समुद्रात पडतं. त्याची माणसं वेगळी असतात.
लाटा, वारं, वाहून कुठं जाईल, सगळं मांडतात,
आणि बोटी घेऊन वाट बघतात."
"त्यालाही शिकावं लागतं?"
"खूप."
पोरीनं वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं
आणि माझ्या पायाकडं बघितलं.
अंगठ्यात अजून काटा होता.
मी तो काढायला खाली वाकलो,
बराच वेळ वाकून राहिलो.

संध्याकाळी अंडं कुणीच मागितलं नाही.
खिशात, रुमालात गुंडाळून
खानापूरच्या एसटीत बसलोय.
पोल्ट्रीचं आहे, यातून पिल्लू निघत नसतं,
हे सायन्सच्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला
कळतं.
तरी खड्डा आला की
सीटवरून जरासा उठतो.