प्रवासभत्ता

लिहा, कारकूनसाहेब.
नोम ते उनालाक्लीट, जाणं दोनशे मैल,
मैलामागे दहा सेंट, सरकारी दरानं.
कुत्री सात नेली, सहा आणली.
सातवी गोलोव्हिनच्या खाडीत बर्फाखाली गेली,
पट्टा मीच कापला.

आरोपी अ‍ॅम्ब्रोज पेनहेल, सलूनमधला तोलारी.
डोक्याला तेल चोपडून काट्यापाशी बसायचा,
सोन्याच्या दर चिमटीनंतर केसांवरून हात,
आणि रात्री दार लावून परातीत डोकं धुवायचा.
टोबायस रिंडनं ते फटीतून पाहिलं
तेव्हा त्याच्या हाताशी पितळी वजन होतं,
दोन पौंडांचं.

बारा दिवस माग काढला.
माग कसला, वाऱ्यानं पुसून ठेवलेली पाटी.
कुठे चहाचा गोठलेला चोथा,
कुठे झुडपाला मोज्याचा धागा.
तेराव्या दिवशी सापडला,
वाहून आलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला, बूट काढून,
स्वतःच्या पायाची काळी बोटं बघत,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.
"आलास?" म्हणाला. "काडेपेटी आहे?"

परतीचं लिहिताना जरा दमानं.
तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, बर्फ पेटलं
आणि माझे डोळे गेले.
पिस्तूल माझ्याकडे, दिशा त्याच्याकडे.
बेड्या मीच काढल्या, चाचपडत.
तो गाडीवर बसून कुत्र्यांना हाका घालायचा,
मी मागचा दांडा धरून धावायचो
कोकराच्या जातीचा.
चार दिवस.
कुठेही वळवता आलं असतं त्याला.
एकदाच विचारलं त्यानं,
"रिंडला बायको होती का रे?"
होती, म्हटलं.
मग संध्याकाळपर्यंत फक्त कुत्र्यांशी बोलला.

इथं डॉक्टरनं बोटं कापली, सात.
तुरुंगात कुणीतरी त्याचं डोकं धुतलं,
परातीच्या तळाशी एवढंसं चकाकलं.
ही पुडी. तोलून घ्या, दुसऱ्या कुणाच्या काट्यावर.
रिंडबाईंच्या नावे जमा करा,
नाहीतर नियमात बसेल तिथे.

परतीचे मैल दोघांचे लावलेत:
अधिकारी एक, कैदी एक.
कोणी कोणाला आणलं
ते फॉर्मात विचारलेलं नाही,
मीही सांगत नाही.
सही इथे ना?
डोळे अजून चुरचुरतात, बोट ठेवून दाखवा.

आणि त्या सातव्या कुत्रीला नाव होतं.
रकाना नाही म्हणता?
बरं. राहू द्या.