पिवळी चांदी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, बिस्किटांच्या कारखान्यामागे
दुसऱ्या मजल्यावर आमची काळी खोली.
वारा फिरला की पडद्यातून व्हॅनिला येतो.

चांदीचा तुकडा, नखाएवढा,
जांभळी नाक्यावरच्या सराफाकडून पावतीसकट आणलेला,
चंचुपात्राच्या तळाशी, दोन बोटं पाण्याखाली.

मी चष्मा चढवते, बटण दाबते.
लेसर दिसत नाही. ऐकू येतो:
टिक्, टिक्, सेकंदाला दहा टिचक्या,
ओली काडी कुणी पुन्हा पुन्हा ओढावी तशा.
चांदीवरून धूर सुटतो पाण्यातच,
आणि पाणी हळदुलं होत जातं.
पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकलं.
खैरमोडे मॅडम म्हणाल्या, नाही,
इतकी बारीक झाली की चांदी
पांढरं राहायचं विसरते.

त्यातला एक थेंब काचेवर. वाळू द्यायचा.
मागे कडं राहतं, चहाच्या कपाच्या बुडाचं राहतं तसं.
त्या कड्यात कण खेटून बसतात,
आणि दोन कणांमधल्या फटीत
जो रेणू सापडेल तो ओरडतो.
एरवी कुजबुजणारसुद्धा नाही,
तिथे नाव, गाव, कूळ सगळं सांगून मोकळा.

आज नमुना एकोणीस. तळ्यातला जिताडा.
पिशवीवर मालकाचं नाव नाही, तसा नियमच आहे.
पण सुतळीची गाठ मी ओळखली.
दिवाळ्यात अशी गाठ एकच माणूस मारतो,
हिराजीमामा.
परवाच विचारत होता,
"गो बाय, तुजे मशिनीला मावऱ्याचा वास येतं का?"
म्हटलं, नाही मामा. तिला फक्त ओरडणं ऐकू येतं.
हसला होता.

पडद्यावर रेघ. सपाट, सपाट,
मग सोळाशे सतराच्या आसपास
टेकाड.
हिरवं औषध. माशाची बुरशी जाते,
खाणाऱ्याला चालत नाही.
खाडीत चिमूटभर मीठ टाकावं
आणि खाडीनं तेवढंच वेगळं काढून
तळहातावर ठेवावं, तसं.

हात धुतले. दुसरी काच.
टेकाड.
तिसरी, नव्या थेंबाची,
मध्येच लाइट गेली म्हणून चौथी.
मला वाटलं होतं, निदान एकदा तरी
ती माझ्या बाजूनं चुकेल.

वहीत तारीख घातली. आकडा लिहिला.
तुकडा बाहेर काढून पुसला, तोलला:
जरासा हलका, मधोमध खळगा.

रविवारी मामाकडे जेवायला बोलावलंय.
जिताडाच असणार.