किमतीची जागा मोकळी

शिंदखेड्याला, तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून
माझी टपरी. एक संगणक, एक प्रिंटर,
खताच्या गोण्या शिवून केलेला उन्हाचा पडदा.
सव्वीस वर्षं मी लोकांच्या वतीने लिहितो,
'लिहून देतो की', 'लिहून घेतो की'.
मधल्या जागेत काय सरकतं
ते विचारायची फी नसते.

सुपडाबाई हिलाल आली, कळण्याची भाकरी फडक्यात बांधून.
सोबत सुरतेकडचा एक माणूस, पांढरे बूट,
आमची काळी माती त्यांना अजून लागायची होती.
मजकूर त्यानेच आणलेला, मी फक्त टंकायचा :
'सदर गटाच्या पोटातील वायू, खनिज व तत्सम पदार्थ,
यांवरील आजचे व पुढचे सर्व हक्क.'
रुपये दोन लाख. अक्षरी दोन लाख फक्त.

झालं होतं असं, की पोळ्याच्या आठवड्यात
तिच्या रानात बोअर मारला.
पाचशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, ओंजळभर,
आणि पाण्याआधी बुडबुडे.
मशीनवाल्या पोराने बिडीसाठी काडी ओढली
तर केसिंगच्या तोंडावर
निळं काहीतरी उभं राहिलं,
जवसाच्या फुलासारखं निळं, हलतं.
लोक पळाले. ही बसली समोर, बघत,
विझेपर्यंत.
नंतर लोखंडी नळी, जुना बर्नर, आणि लांब ठेवलेली चूल.

तेव्हापासून सिलिंडर नाही.
नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर
तिने रेघा मारल्यात : वाचलेले पाच सिलिंडर,
पुतणीच्या हळदीचं पाणी,
रोजचे दोन चहा, पाहुणा आला तर तीन.
अमावास्येला ज्योत उंच होते म्हणाली.
मी म्हटलं, हवेचा दाब असेल.
म्हणाली, असेल.

टंकताना माझी बोटं अडली.
'बाई, पोटातला वायू सरकारचा.
तुझा सातबारा जातो फार तर
नांगराच्या फाळाइतका खोल.'
तिने भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.
'मंग हाऊ काय ली राह्यना?'

सव्वीस वर्षं.
हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता,
आणि मीही कोणाला.

तिसरं पान काढलं. चष्मा पुसून मोठ्याने वाचलं :
बारा फुटी वाट, तापीपर्यंत.
बोअरचं पाणी. खांब रोवायची मुभा.
कुंपण. वारसांनी हरकत घ्यायची नाही.
पहिल्या पानावर वायू होता,
तिसऱ्यावर तिचं सगळं शेत.

पांढरे बूट हलले. 'तीन करा. बरं, चार.'
चहा आला. कप टेकायच्या आत पाच झाले होते.
सुपडाबाईने बशीत ओतला, फुंकला,
शांतपणे म्हणाली,
'एका चहात तीन लाख वाढनात.
भाऊ, आखो एक चहा सांग.'

मी हसलो. तो नाही हसला.
फोन आला, निदान तसं दाखवत
तो पिंपळाकडे गेला, पिंपळाच्या पलीकडे गेला.
मोटारीचा आवाज आला.

ती उठली नाही लगेच.
'मी इकसू. नई इकसू आसं नई.
पन पहिले मोजसू.
ते निळं किती दिन तग धरस, देखसू.
वाट किती बिघा खास, देखसू.
मंग तुन्हा कागद.'

माघात ज्योत बोटभर राहिली, ऐकतो.
फाल्गुनात पुन्हा चढली, असंही ऐकतो.
दुसरा एक माणूस येऊन गेला, नाशिककडचा;
त्याला तिने आधी रेघांची वही दाखवली
आणि मग बांधावरून चालवलं, भर दुपारी, चारही कोपरे.

तिच्या नावाचा पाचशेचा मुद्रांक
माझ्या खणात आहे.
नाव टंकलेलं, गट नंबर टंकलेला,
चतु:सीमा : पूर्वेस नाला, पश्चिमेस दिराची विहीर.
पुढे दोन ओळी कोऱ्या सोडल्यात.
खण उघडला की हात आपोआप तिथे जातो,
आणि समोर बसलेल्या माणसाला
मी आता आधी विचारतो,
तुम्ही नेमकं काय विकताय?
बहुतेक जण घड्याळ बघतात.